पाथलिब : सोय मोठी, एक खोच जपण्यासारखी

पुण्यात बाणेरच्या आमच्या कार्यालयात फाइलींची बहुतेक हाताळणी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या पाथलिब या मॉड्यूलवर चालते. २०१४ साली पायथन ३.४ बरोबर आलेल्या या मॉड्यूलमुळे पाथ, म्हणजे फाइलींचे पत्ते, जोडण्याचे काम वाचनीय झाले, यात शंका नाही.

मात्र सापेक्ष पाथ कशाच्या सापेक्ष, हे नव्या माणसाला स्पष्ट सांगावेच लागते. ‘अलका चौकातून डावीकडे’ या पत्त्याचा अर्थ तुम्ही टिळक रस्त्याने आलात की लकडी पुलावरून, यावर ठरतो, तसाच ‘डेटा/यादी.सीएसव्ही’ हा पाथ प्रोग्रॅमची फाइल कुठे आहे यावर नव्हे, तर प्रक्रिया सध्या कोणत्या फोल्डरमध्ये चालू आहे यावर ठरतो. म्हणूनच हाताने चालवलेली स्क्रिप्ट क्रॉन या ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सोयीतून, म्हणजे सहसा वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधून, चालली की तिला फाइल सापडत नाही.

सापेक्ष पाथ पूर्ण करताना ॲब्सोल्यूट ही मेथड त्याच्या आधी फक्त चालू फोल्डर जोडते आणि मधली दोन टिंबे (‘एक फोल्डर वर’ ही खूण) तशीच ठेवते. रिझॉल्व्ह मात्र ती टिंबे आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे किंवा फोल्डरकडे नेणारा दुवा) दोन्ही उलगडून खरा पाथ देते. नावांवरून हा फरक कळत नाही, ही माझी पहिली तक्रार. दुसरी अधिक गंभीर आहे: तिरक्या रेघेने जोडताना उजवीकडचा पाथ निरपेक्ष, म्हणजे मुळापासून पूर्ण लिहिलेला, असेल, तर डावीकडचा भाग कोणतीही सूचना न देता टाकून दिला जातो. वापरकर्त्याने दिलेले फाइलनाव जोडणाऱ्या सर्व्हरवर हे धोक्याचे आहे; तिथे आधी रिझॉल्व्ह करून मग पाथ ठरलेल्या फोल्डरच्या आतच आहे ना, हे पाहणारी इज-रिलेटिव्ह-टू ही तपासणी लावावीच. पाचपैकी चार तारे.