लातूरच्या बचत गटाच्या दुकानातील डाळ, तेल आणि ज्वारी

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि त्यांपैकी कोणत्याही रस्त्यावर किराण्याची वानवा नाही. तरीही गोलाईजवळच्या एका गल्लीत महिला बचत गटाने चालविलेल्या छोट्या दुकानातूनच मी डाळ, तेल आणि ज्वारी आणतो. माल कोणत्या गावचा आणि कोणत्या हंगामाचा, असे विचारले तर तेथील ताई सरळ उत्तर देतात.

निलंगा तालुक्यातील बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हापासून ते नाव सांगून वाटेल ती डाळ खपविणारेही वाढले असावेत, असा माझा संशय आहे. या दुकानातील डाळ पॉलिश केलेली नसल्याने दिसायला मळकट आहे, पण ती लवकर शिजते आणि तिच्या वरणाला चव आहे. डाळमिलांच्या या शहरात आपण परगावी भरलेली चकचकीत पाकिटे का घेतो, हे मला अद्याप उमगलेले नाही.

लाकडी घाण्याचे करडईचे तेल रिफाइंड तेलापेक्षा बरेच महाग पडते, आणि महिन्याचा हिशेब काटेकोरपणे ठेवणाऱ्या घराला ते जड जाईल, हे मान्य करावे लागेल. मात्र करडईची मुळे खोल जात असल्याने भारी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर ती रब्बीत तग धरते, म्हणजे मराठवाड्याच्या बेभरवशाच्या पावसाला साजेसे असे हे पीक आहे. तरीही काटेरी पिकाच्या काढणीला मजूर मिळत नाहीत आणि हरभऱ्याला हमखास गिऱ्हाईक असते, म्हणून शेतकरी करडई सोडत गेले. तेल जवळच्या घाण्यावर निघाले की पेंडही परिसरातील गुरांना मिळते. ज्वारीचेही तसेच आहे: दाणे आपल्या भाकरीला आणि कडबा जनावरांना, त्यामुळे शहरात ज्वारीची मागणी घटली की गावात वैरणीचीही चणचण भासू लागते. येथील ज्वारी स्वच्छ निवडलेली असते आणि पिठाला चिकटपणा चांगला असल्याने भाकरी थापताना चिरत नाही.

उणिवाही आहेत. पापड आणि शेवयांच्या पाकिटांवर तयार केल्याची तारीख नसते. परराज्यातील मसाल्यांची पाकिटेही याच फळीवर मांडलेली असतात, ती वेगळी ठेवायला हवीत. भूम तालुक्याकडून येणारा खवा उत्तम असतो, परंतु दुकानातील फ्रीज लहान असल्याने उन्हाळ्यात तो टिकत नाही आणि एकदा मला आंबूस खवा मिळाला. तक्रार केल्यावर त्यांनी पैसे मुकाट्याने परत केले. खवा हवा असल्यास तो आल्याची खात्री फोनवर करून सकाळीच जावे, आणि तेलासाठी घरची किटली सोबत न्यावी, कारण बाटलीचे पैसे वेगळे पडतात.