बारा पदरी डायनीमा दोरी, रोबोच्या लिफ्टवर एक हंगाम वापरून

दोरी एकदाही तुटली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण घ्यावी की नको एवढंच विचारायचं असेल तर उत्तर तिथेच संपतं: घ्या. पण या हंगामात आमची लिफ्ट चार वेळा बंद पडली आणि चारही वेळा मुलांनी पहिला आळ दोरीवरच घेतला. दोष प्रत्येक वेळी दुसरीकडे निघाला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी विद्यार्थ्यांच्या रोबो-टीमला यंत्राच्या बाजूची मदत करते. स्पर्धा फर्स्ट टेक चॅलेंजची. सुरुवातीला रोबो १८ इंचांच्या घनात मावला पाहिजे, आणि सामना सुरू झाला की त्याच रोबोने उंचावर हात पोचवायचा. त्यामुळे बहुतेक टीम सरकत्या रेलची लिफ्ट लावतात. आमची तीन टप्प्यांची, एकूण उचल ९० सेंमी. एकच सलग दोरी तळाच्या रिळापासून सगळ्या कप्प्यांवरून फिरून वरच्या पंजापर्यंत जाते, आणि खाली ओढणारी दुसरी दोरी त्याच रिळावर उलट्या दिशेने गुंडाळलेली.

आधीच्या हंगामात स्टीलची बारीक केबल होती. तिची ताकद भरपूर, पण आमच्या कप्प्या फक्त १२ मिमी व्यासाच्या. इतक्या लहान गोलाईवरून केबल शेकडो वेळा वाकली की आतल्या तारा एकेक करून तुटतात. बाहेरून केबल धडधाकट दिसते, आणि हात फिरवला की बोटात कुसळं शिरतात. शिवाय ताण सुटला की ती स्प्रिंगसारखी उसळते आणि रिळावरून वेटोळी बाहेर पडतात. टोकांना नळी दाबून केलेला फास असल्यामुळे लांबी पाच मिलिमीटर कमी करायची तरी पूर्ण केबल नव्याने करावी लागायची. दोन सामन्यांच्या मधल्या वेळात हे जमत नाही.

डायनीमा हा पॉलिएथिलीनचाच धागा, फक्त त्यातल्या रेणूंच्या साखळ्या अतिशय लांब आणि धाग्याच्या दिशेने सरळ ओढलेल्या. घनता पाण्यापेक्षा कमी, म्हणजे स्टीलच्या साधारण एक-अष्टमांश. आम्ही घेतली ती १ मिमी जाडीची, बारा पदरांची, आतून पोकळ विणीची, वर पातळ लेप असलेली. १२ मिमीच्या कप्पीवर ती दोऱ्यासारखी बसते. या जाडीची चांगली दोरी शंभर किलोच्या आसपास भार पेलते. आमचा पंजा ९०० ग्रॅमचा आणि मधले दोन टप्पे प्रत्येकी ३५० ग्रॅमचे. सलग दोरीच्या रचनेत सगळं वर जाताना दोरीवर या वजनांची बेरीज येते, म्हणजे १.६ किलो, घर्षण वेगळं. खरा ताण येतो तो लिफ्ट अडकल्यावर. २४ किलो-सेंमी टॉर्कची (म्हणजे फिरवण्याच्या जोराची) मोटर दीड सेंमी त्रिज्येच्या रिळावर थांबली, तर ती १६ किलोने ओढते. तरीही शंभर फार लांब राहतात. हे गणित मी फळ्यावर मांडलं तेव्हा मुलांना पटलं की दोष दोरीच्या ताकदीत शोधण्यात अर्थ नाही.

पहिला बिघाड गाठीचा. हा धागा कमालीचा गुळगुळीत आहे. मुलांनी नेहमीची निरगाठ मारली, वर आणखी एक मारली, आणि तिसऱ्या सामन्यात टोक गाठीतून अलगद सरकून बाहेर आलं. लिफ्ट अर्ध्यावरून खाली कोसळली. शिवाय गाठीत दोरी तीव्र वाकते, त्यामुळे साध्या गाठीत निम्मी किंवा त्याहूनही जास्त ताकद जाते. मासेमारीच्या विणलेल्या दोरीसाठी वापरतात ती पालोमार गाठ बऱ्यापैकी धरते, घाईच्या वेळी तीच मारा. पण खरा उपाय सांध्याचा आहे, आणि पोकळ वीण घ्यायची ती याचसाठी. बारीक तारेचा लांबट फास दोरीच्या पोटातून घालायचा, त्यात टोक अडकवायचं आणि दोरीतच सात-आठ सेंमी आत ओढून घ्यायचं. दोरी ताणली की बाहेरची वीण आवळते आणि आतलं टोक धरून ठेवते. जितकं ओढाल तितकी पकड घट्ट. आत घालायच्या टोकातले काही पदर आधी टप्प्याटप्प्याने कापून ते निमुळतं करा, आणि सैल असताना सुटू नये म्हणून वर चार टाके घाला. आमच्याकडे एका नववीतल्या मुलीचा हात यात असा बसला की आता बाकीचे तिच्याकडेच दोरी घेऊन जातात. तिच्या एकाही सांध्याने दगा दिला नाही.

दुसऱ्या बिघाडाला मला दोन संध्याकाळी लागल्या, पण सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते त्यातूनच. लिफ्ट तळाशी असताना दोन्ही दोऱ्या तंग. पूर्ण वर गेली तरी तंग. मध्ये मात्र खाली ओढणारी दोरी चांगली दोन बोटं ढिली पडायची आणि कप्पीवरून उतरायची. "ताई, दोरी ताणली गेली आहे," असं मुलांचं म्हणणं. मी म्हटलं, ताणली गेली असती तर तिन्ही ठिकाणी ढिली दिसली असती. मग रीळ उघडून फेरे मोजले. रिळाचा व्यास ३० मिमी, खाच ६ मिमी रुंद, दोरी १ मिमी. म्हणजे पहिल्या थरात सहाच फेरे बसतात आणि उरलेले तीन त्यांच्यावर चढतात. वरच्या थराचा व्यास २ मिमीने जास्त, म्हणून तिथला प्रत्येक फेरा सुमारे सव्वासहा मिमी जास्त दोरी घेतो किंवा सोडतो. लिफ्ट वर निघाली की खाली ओढणारी दोरी आधी वरच्या थरातून सुटते, तीन फेऱ्यांत जवळजवळ १९ मिमी जास्त. उचलणारी दोरी मात्र अजून पहिल्याच थरात गुंडाळली जात असते. शेवटच्या तीन फेऱ्यांत ती वरच्या थरात चढते तेव्हा हिशेब पुन्हा जुळतो. म्हणून दोन्ही टोकांना सगळं ठीक, आणि मध्ये झोळ.

खाच १२ मिमी रुंद केली आणि नऊच्या नऊ फेरे एकाच थरात शेजारी-शेजारी बसू लागले. झोळ गेला. सुरुवातीला रीळ तसंच ठेवून मुलांनी खालच्या दोरीत एक स्प्रिंग बसवायचं सुचवलं होतं. त्यानेही काम चाललं असतं, पण फरक निर्माण होतो तिथेच तो घालवता येत असताना वर स्प्रिंगचं ओझं का वाढवायचं, असं माझं मत. रीळ आणि पहिली कप्पी यांच्यात अंतर मात्र पुरेसं ठेवा, नाहीतर दोरी तिरकी येऊन फेरे एकमेकांवर चढतात.

उरलेले दोन बिघाड थोडक्यात. एकदा दोरीला लव फुटली आणि दोन पदर कापले गेले. कारण ॲल्युमिनियमच्या पट्टीतलं भोक: ड्रिल करून तसंच सोडलेलं, कडेला बर, म्हणजे धातूची उरलेली धारदार किनार. या धाग्याला धारदार कड सहन होत नाही. जिथून दोरी जाते त्या प्रत्येक भोकाची कड काउंटरसिंकने (भोकाचं तोंड उतरतं करणाऱ्या ड्रिलने) मोडा, कानस मारा, आणि कापूस फिरवून बघा. कापूस अडकला तर दोरीही अडकेल. दुसऱ्यांदा दोरी रिळावरच घसरली, कारण टोक फक्त फेऱ्यांच्या पकडीवर सोडलं होतं. टोक रिळाच्या भोकातून नेऊन पक्कं बांधा आणि लिफ्ट पूर्ण वर असतानाही खालच्या दोरीचे दोन-तीन फेरे रिळावर शिल्लक राहू द्या. त्या फेऱ्यांची जागा खाचेच्या रुंदीत आधीच धरा.

नवी दोरी थोडी वाढते, हे खरं आहे. धागा ताणला जातो असं नाही, वीण बसते. आम्ही आता लावण्याआधी दहा किलोचं वजन रात्रभर टांगून ठेवतो आणि मगच लांबी कापतो. कापताना टोकाला चिकटपट्टी गुंडाळा, नवं ब्लेड घ्या. साधी कात्री दोरी चावत बसते. लायटर लावू नका. हा धागा सुमारे १५० अंश सेल्सिअसला वितळतो आणि टोकाचा कडक गोळा सांध्यात आत जात नाही. सोल्डरिंगची गन चालू असताना लिफ्टजवळ आणू देऊ नका, हेही त्याच कारणाने.

दोन रंग घ्या, एवढा आग्रह करेन. आम्ही उचलणारी दोरी नारिंगी आणि खाली ओढणारी पांढरी घेतली. सामन्यानंतर रोबो टेबलावर आला की कोणतीही मुलगी, कोणताही मुलगा एका नजरेत सांगतो की कोणती कुठे उतरली आहे.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो वेष्टनामुळे: त्यावर ताकदीचा आकडा मोठ्या अक्षरात होता, गाठीबद्दल एक ओळही नव्हती. लांबी घेताना मात्र हात आखडू नका. प्रत्येक टोकाच्या सांध्यात दहा सेंमी जातात, आणि शिकताना पहिले पाच-सहा सांधे कापून टाकावे लागतात. लागेल त्याच्या दुप्पट घेतलेली दोरी आमच्याकडे हंगामाच्या शेवटी हातभर उरली.