हॉग इको-अँक्झायटी स्केल: भरून पाहिली, तीन तारे

मैत्रिणीच्या एम.ए.च्या प्रकल्पासाठी ही प्रश्नावली भरली. इको-अँक्झायटी, म्हणजे पर्यावरणाच्या ऱ्हासाची चिंता, आपल्याला किती आहे हे ती मोजते. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये तयार झालेली, 2021 ची. 13 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण; चहा निवायच्या आत संपते. गेल्या दोन आठवड्यांत झोप बिघडली का, तेच तेच विचार येत राहिले का, आपल्यामुळे पृथ्वीचं नुकसान होतंय असं वाटलं का, वगैरे.

खोट त्या ‘दोन आठवड्यां’तच आहे. मी कोल्हापूरची, 2019 चा महापूर पाहिलेली. जानेवारीत बेरीज आली 6. जुलैत पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकत असताना पुन्हा भरली, तर 24! (प्रश्नावलीची कमाल बेरीजही 39च.) मग माझी चिंता नेमकी किती धरायची?

चिंतेपोटी माणूस काही करतो का, हे यात नाहीच. त्यासाठी वेगळी प्रश्नावली जोडावी लागते. माझं म्हणाल तर झोप उडाली तेव्हा मी नुसती मोबाईलवर पाणीपातळी बघत बसले. स्वतःच्या कचऱ्याची लाज वाटली, तेव्हा मात्र गच्चीत खताचा ड्रम आला. म्हणून आपल्यामुळे होणाऱ्या नुकसानाबद्दलच्या त्या शेवटच्या तीन प्रश्नांसाठी एक तारा जास्त.

मराठी भाषांतर मैत्रिणीचं घरगुती. ‘रुमिनेशन’ला, म्हणजे तेच तेच विचार घोळत राहण्याला, तिनं ‘रवंथ’ लिहिलंय. आई अजून हसतेय.