मुंबई बंदरातून अर्धा दिवस: घारापुरी की अलिबागचा कुलाबा किल्ला?

क्रूझ बॅलार्ड पिअरला लागली आणि हातात पाच-सहा तास असतील, तर घारापुरीच (एलिफंटा बेटावरची लेणी) निवडा. गेटवेवरून लाँचने साधारण तासभर लागतो. धक्क्यापासून पायथ्यापर्यंतचं अंतर बरंच आहे, त्यामुळे छोटी आगगाडी (टॉय ट्रेन) घ्या. पुढे सुमारे १२० पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर डोली मिळते, पण भाडं आधीच ठरवा. गाइडला थेट पहिल्या लेण्यात न्यायला सांगा; त्रिमूर्ती आणि भोवतालचे शिल्पपट नीट पाहायला तास हवाच. खाऊची पिशवी उघडी नको, माकडं झडप घालतात. सोमवारी लेणी बंद असतात, आणि इथेच बरेच जण फसतात.

कुलाबा किल्ल्याचं गणित भरती-ओहोटीवर. ओहोटीला चालत जाता येतं, पण ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालच्या वेळेवर विसंबू नका. शिवाय मांडव्यापर्यंत बोट, तिथून अलिबागला जवळपास २० किलोमीटर रस्ता, आणि तेवढंच परत. शनिवार-रविवारी हा रस्ता तुंबतो. बोट चुकली तर जहाजही चुकेल. जहाजाचा मुक्काम रात्रीचा असेल आणि ओहोटी सकाळी असेल, तरच अलिबाग.