एकच प्रसंग, चार शैली: नाशिकमधील एका नाट्यशिबिराचा अनुभव

महाकवी कालिदास कलामंदिरात मी अनेक वर्षे नाटके पाहत आलो असलो, तरी एखादे नाटक कोणत्या शैलीत बसवले आहे याचा विचार क्वचितच केला होता. त्यामुळे गंगापूर रस्त्यालगतच्या एका शाळेच्या सभागृहात भरलेल्या दोन दिवसांच्या ‘आधुनिक नाट्यशैली’ शिबिराला मी १,५०० रुपये भरून नाव नोंदवले.

मार्गदर्शकांनी वास्तववाद वगैरे शैलींची यादी वाचून दाखवण्याऐवजी आमच्या हातात जेमतेम बारा वाक्यांचा एक प्रसंग ठेवला. घरमालक दार ठोठावतो आणि भाडेकरू बाईला खोली रिकामी करायला सांगतो. दोन्ही दिवस आम्ही हाच प्रसंग उलटसुलट करत राहिलो, आणि माझे पैसे तेथेच वसूल झाले.

पहिल्या सकाळी वास्तववादी अभिनयाची पद्धत घडवणारे रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की यांची पाळी होती. त्यांच्या मॉस्को आर्ट थिएटर या नाट्यसंस्थेच्या १८९८ मधील स्थापनेविषयी दोन वाक्ये सांगून मार्गदर्शक लगेच कामाला लागले. ‘या बाईच्या जागी मी असते तर’ आणि ‘दार वाजण्याच्या क्षणी मी काय करत होते’ या दोन प्रश्नांवर आम्हा सर्वांना तासभर झुलवत ठेवले गेले. शेवटी एका तरुणीने लसूण सोलता सोलता दार उघडले. मालक बोलत असताना तिची बोटे पाकळीवर थांबली, आणि सभागृह गप्प झाले.

दुपारी जर्मन नाटककार-दिग्दर्शक ब्रेश्टची पाळी आली. त्याच तरुणीला आता स्वतःचे संवाद ‘मग ती बाई म्हणाली’ अशी जोड देऊन, भूतकाळात बोलायचे होते, आणि मागे भाड्याची रक्कम लिहिलेला पुठ्ठा टांगलेला होता. ब्रेश्ट तालमीत नटांकडून हेच करून घेत असत. सकाळी आम्हाला त्या बाईची दया आली होती. दुपारी मात्र भाडे इतके का आणि पावती का मिळत नाही, असे प्रश्न पडू लागले. प्रेक्षकाला पात्रापासून थोडे दूर का ठेवायचे, हे मला व्याख्यानातून इतके स्पष्ट कळले नसते.

चर्चेत एकाने ‘आपल्या तमाशात सोंगाड्या हेच करत आला आहे’ असे म्हटले आणि टाळ्या मिळवल्या. हे अर्धेच खरे आहे. सोंगाड्याही प्रेक्षकांशी थेट बोलतो, वगाचा भ्रम मोडतो आणि राजाची टर उडवतो. पण परिस्थिती बदलता येते हे प्रेक्षकाला दाखवणे हा ब्रेश्टचा हेतू होता, आणि तो त्यांच्या राजकीय विचारातून आलेला होता. मार्गदर्शकांनी हा फरक तेथेच उलगडायला हवा होता; त्यांनी तो हसून सोडून दिला.

जगण्यातली निरर्थकता दाखवणाऱ्या ॲब्सर्ड नाट्याला दुसऱ्या दिवशी फक्त चाळीस मिनिटे मिळाली. समीक्षक मार्टिन एस्लिन यांनी १९६१ मध्ये हे नाव रूढ केले. बेकेट, आयोनेस्को आदी नाटककारांनी एकत्र येऊन काढलेली ती चळवळ नव्हती, एवढे सांगून झाले. मग प्रत्येक वाक्य तीनदा म्हणण्याचा खेळ झाला, त्यावर सगळे हसले, आणि बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’ या नाटकातील वाट पाहण्याचा भार कुठेच जाणवला नाही. पोलिश दिग्दर्शक ग्रोटोव्हस्की यांच्या ‘गरीब रंगभूमी’साठी, म्हणजे नटाखेरीज सारे वगळणाऱ्या शैलीसाठी, दिवे, पुठ्ठा आणि लसूणही काढून घेतले. केवळ शरीर आणि आवाज यांच्या बळावर प्रसंग उभा राहू पाहत होता, पण पंख्यांच्या खडखडाटात तो विरून गेला.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. मॉस्को, बर्लिन, पॅरिस फिरून आलेल्या या शिबिरात नाटककार वसंत कानेटकर यांचा साधा उल्लेखही झाला नाही. कानेटकर नाशिकच्याच महाविद्यालयात शिकवत होते, आणि १९५७ च्या ‘वेड्याचं घर उन्हात’मध्ये त्यांनी माणसाच्या मनाची गुंतागुंत रंगमंचावर आणली. त्या नाटकातील एक पान वाचले असते, तर पहिल्या सकाळच्या वास्तववादाला घरचा आधार मिळाला असता.

टिपणांच्या छायाप्रती पुसट होत्या आणि चहा वेळेवर होता. पुढच्या तुकडीत जाणाऱ्यांनी पहिला दिवस अजिबात चुकवू नये. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर निघालात तरी फारसे बिघडणार नाही, कारण त्यानंतर उरतो तो प्रमाणपत्रांचा आणि छायाचित्रांचा कार्यक्रम.