मॅचचे छर्रे: डबा जर्मन घ्या, पण नंबर आपल्या नळीचा

वरणगावच्या फॅक्टरीत काडतुसं बनतात हे खान्देशात पोराटोरांनाही माहीत आहे. दहा मीटर एअर रायफल नेमबाजीच्या छर्ऱ्यांचा विषय निघाला की मात्र जर्मनीत बनलेल्या डब्याचंच नाव येतं. ते नाव रास्त आहे, फक्त डबा आणला की काम झालं असं नाही.

रायफलचा मॅच छर्रा ४.५ मिमीचा, ०.५३ ग्रॅमचा, तोंड चपटं. पिस्तुलाचा ०.४५ ग्रॅमचा असतो, दुकानदार घाईत तोच देतो, तेव्हा झाकण वाचूनच पैसे द्या. त्याच झाकणावर ४.४९, ४.५० किंवा ४.५१ असा आकडा असतो. तो डोक्याचा व्यास, आणि खरी खरेदी त्या आकड्याची. डोकं नळीतल्या आट्यांवर, म्हणजे आतल्या पिळदार खाचांच्या कडांवर, टेकतं, मागचा पोकळ घेर हवेच्या दाबाने फुगून आट्यांत बसतो. छर्रा बोटाने हलकेच दाबल्यावर बसला पाहिजे. आपोआप घसरत आत गेला तर डोकं बारीक. अंगठा दुखेस्तोवर दाबावा लागला तर घेर आधीच वाकडा झाला म्हणून समजा.

कोणता नंबर चालेल हे रायफलच सांगते, शेजारच्या लेनवाल्याची रायफल नाही. नळी शिकंज्यात रबर लावून पकडा, प्रत्येक नंबरचे छर्रे पाच वेगळ्या कागदांवर मारा, एका कागदावर पाच. पाचांचं मिळून एकच भोक, कडेपासून कडेपर्यंत सहा मिमीच्या आत आलं तर तो नंबर तुमचा. टार्गेटवर दोन वर्तुळांत २.५ मिमीचं अंतर असतं, म्हणजे दशांश गुणांत एक मिमी सरकलं की ०.४ गेले. ६० शॉटच्या मॅचमध्ये हे फार होतं.

स्वस्त देशी डब्यात खरी खोट घेरात असते. छर्रे काचेवर उभे करून बघा: कड चेपलेला छर्रा कलतो, आणि असा छर्रा कुठे लागेल याचा भरवसा नाही. काही डब्यांत साच्याची शिवणही अंगावर तशीच राहिलेली दिसते. असे छर्रे पोझिशन आणि ट्रिगरच्या सरावाला ठीक, गुण मोजायला नकोत.

वजन करायचंच असेल तर स्वयंपाकाचा काटा कामाचा नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर ०.५३ दिसलं तरी खरं वजन ०.५२५ ते ०.५३५ यात कुठेही असू शकतं. जळगावच्या सराफाकडचा मिलिग्रॅमचा काटा मिळाला तर गोष्ट वेगळी. तरी दहा मीटरवर वजनापेक्षा घेर आणि डोकं आधी.

जर्मन डब्यातही तळाचे दोन-चार छर्रे चेपलेले निघतात. वाहतुकीत डबा आपटला की हे व्हायचंच. आतला स्पंज काढून टाकू नका. मेच्या उन्हाचं शिशाला काही होत नाही, ते ३२७ अंशांना वितळतं. त्रास पावसाळ्यात: ओल्या हवेत छर्ऱ्यावर पांढरी पूड धरते. पाण्याने धुऊ नका, डबा घट्ट बंद ठेवा, पूड धरलेले बाजूला काढा.

आणि रेंजवर छर्ऱ्याच्या हातानेच शेंगदाणे खायची सवय अनेकांना आहे. शिसं पोटात जातं ते असंच. साबणाने हात धुऊन मगच डबा उघडायचा, शेंगदाण्याचा.