फेलूदा: सहा-सात महिने घरात वाचून झाल्यावर

आधी निकाल सांगते: सत्यजित राय यांनी लिहिलेली, फेलूदा या बंगाली गुप्तहेराच्या कथांची ही मालिका घ्या. घरात दहा-बारा वर्षांच्या पुढचं मूल असेल तर घ्याच, नसेल तर स्वतःसाठी घ्या. मात्र कथा ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या, त्याच क्रमाने वाचा. आवडती तेवढी उचलून वाचली तरी रहस्य कळतं, पण या मालिकेतली खरी मजा हातून निसटते. ती कशी, हेच सांगायला बसले आहे.

आम्ही काय वाचलं ते आधी. अशोक जैन यांनी मराठीत आणलेली, रोहन प्रकाशनाची पुस्तकं पावसाळ्याच्या तोंडावर घरी आली. ज्या कथा आम्हाला मराठीत मिळाल्या नाहीत त्या गोपा मजुमदार यांच्या इंग्रजी अनुवादातून वाचल्या. मराठी पुस्तकं सडपातळ आहेत. मी रोज ठाण्याहून घणसोलीला जाते. ट्रान्स हार्बरच्या गाडीत बसायला मिळो न मिळो, एका हातात पुस्तक आणि एका हातात कडी, असं आरामात वाचता येतं. इंग्रजीचे दोन खंड जाडजूड, ते घरीच टेकून वाचायचे. जैनांची भाषा सरळ आणि वाहती आहे. सातवीतल्या माझ्या मुलीला कुठे अडायला झालं नाही, आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंनाही ती पोरकट वाटली नाही. दोघींना एकच पुस्तक आवडणं ही आमच्या घरात मोठी गोष्ट आहे.

सत्यजित राय यांनी ‘संदेश’ या मुलांच्या मासिकासाठी १९६५ साली पहिली फेलूदा कथा लिहिली. हे मासिक त्यांच्या आजोबांनी, उपेंद्रकिशोर यांनी, १९१३ साली सुरू केलेलं. मध्ये बंद पडलं होतं ते राय यांनी १९६१ मध्ये पुन्हा उभं केलं. १९९२ मध्ये राय गेले तोवर पूर्ण झालेल्या फेलूदा कथा ३५. म्हणजे जवळजवळ सत्तावीस वर्षं एकच लेखक त्याच माणसांसोबत राहत होता. पहिल्या कथेत फेलूदा सत्तावीस वर्षांचा आणि गोष्ट सांगणारा त्याचा चुलतभाऊ तोपशे साडेतेरा वर्षांचा आहे.

आता मुद्द्याचं. दार्जिलिंग, लखनौ, गंगटोक इथल्या सुरुवातीच्या कथा वाचताना मला फेलूदा आवडला, पण त्याचा लळा लागला नाही. उंच, देखणा, चारमिनार सिगरेट ओढणारा, योगासनं करणारा, वहीत ग्रीक लिपीत टिपणं काढणारा हुशार माणूस. त्याच्या शेजारी प्रश्न विचारणारा मुलगा. तोपशेने विचारायचं, फेलूदाने समजावायचं. रहस्यं बांधेसूद आहेत, दार्जिलिंगची हवा सुरेख उतरली आहे, पण जोडी शिक्षक-विद्यार्थ्याचीच राहते.

मग १९७१ मध्ये राजस्थानची कथा येते. पूर्वजन्मीचा सोन्याचा किल्ला आठवणारा मुकुल नावाचा मुलगा, त्याच्या मागे लागलेले बदमाश, आणि राजस्थानला निघालेले फेलूदा नि तोपशे. वाटेत रेल्वेच्या डब्यात एक गृहस्थ भेटतात: लालमोहन गांगुली, टोपणनाव जटायू, थरारक कादंबऱ्यांचे लोकप्रिय लेखक. त्यांचा नायक प्रखर रुद्र अचाट पराक्रम करतो, आणि ते स्वतः उंटावर बसायचं म्हटलं की गर्भगळीत होतात. तरी बसतात! हे ‘तरी बसतात’च मला फार महत्त्वाचं वाटतं. जटायू घाबरट आहे असं आमच्याकडे जो तो म्हणाला, पण मागे राहिलेला तो एकदाही सापडत नाही. शिमल्याच्या कथेत तर स्वतःच्या हौसेने बूमरँग घेऊन येतो.

जटायू आला आणि तोपशे मोठा झाला. क्रमाने वाचलं तरच हे लक्षात येतं. आता न समजणारा, चुकीची माहिती छातीठोकपणे सांगणारा, दचकणारा एक वयस्क माणूस गोष्टीत आहे, त्यामुळे तोपशेला सारखं अडाणी प्रश्न विचारायची गरज उरत नाही. त्याला गप्प बसून बघता येतं. कुणाच्या चेहऱ्यावर काय उमटलं, फेलूदा का थांबला, लालमोहनबाबूंना वाईट वाटू नये म्हणून फेलूदाने कुठलं वाक्य गिळलं, हे तो टिपायला लागतो. पहिल्या कथेतला तोपशे आणि नंतरचा तोपशे यांची दोन पानं मी मुलीला लागोपाठ वाचून दाखवली. ती म्हणाली, “आई, आता तो फेलूदाला मदत करतोय, आधी नुसता बरोबर जायचा.” तिचा आवडता तोपशेच. फास्टर फेणे स्वतः संकटात उडी मारतो, तोपशे दुसऱ्याचं मोठेपण सांगतो आणि तरी छोटा होत नाही, असं तिचं म्हणणं. मला ते पटतं.

सासूबाईंचा जीव जटायूवर. त्यांचं कारण मला सुचलंच नसतं. त्या म्हणाल्या, “अगं, याची पुस्तकं खपतात, याच्याकडे गाडी आहे, ड्रायव्हर आहे. फेलूदाकडे यातलं काही नाही. पण हा कधी तोरा दाखवतो का?” खरंच आहे. हरिपद चालवतो ती हिरवी ॲम्बॅसॅडर लालमोहनबाबूंची. कोलकात्यातल्या गडपारहून ते गाडी घेऊन फेलूदाकडे येतात, त्याच्या घरच्या नोकराने, श्रीनाथने, आणलेला चहा घेतात आणि आपल्या कादंबरीतल्या चुका वयाने लहान असलेल्या फेलूदाकडून मुकाट सुधारून घेतात. नाव झालेला लेखक असं करतो, याचं सासूबाईंना फार अप्रूप.

माझ्या ऑफिसातल्या एका बंगाली मैत्रिणीने मूळ बंगाली पुस्तकं पाहायला दिली. चित्रं राय यांनी स्वतः काढलेली आहेत. सुरुवातीच्या चित्रांतला जटायू आणि नंतरचा जटायू शेजारी ठेवले तर वेगळी माणसं वाटतात. १९७४ मध्ये राजस्थानच्या कथेवर राय यांनीच चित्रपट केला, त्यात संतोष दत्त जटायू झाले, आणि पुढच्या चित्रांत टक्कल, मिशी, गालांची गोलाई, सगळं संतोष दत्तांचं आलं. नटाने पात्राचा चेहराच घेऊन टाकला आणि लेखकाने तो आनंदाने दिला. १९८८ मध्ये संतोष दत्त गेल्यावर राय यांनी पुन्हा फेलूदा चित्रपट केला नाही. ही चित्रं मी बराच वेळ बघत बसले होते. तुम्हाला कुठे मूळ बंगाली प्रत पाहायला मिळाली तर लिपी येत नसली तरी जरूर चाळा.

पुस्तकं आमच्या घरातून निघून नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत मजल्यामजल्यावर फिरली, आणि गच्चीवर, जिन्यात, पाण्याच्या टाकीच्या मीटिंगमध्येसुद्धा त्यावर वाद झाले. तळमजल्यावरच्या काकांनी तरुणपणी ठाणे मराठी ग्रंथसंग्रहालयातून बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड रात्री जागून वाचलेले. त्यांना सुरुवातीला फेलूदा फारच सभ्य वाटला. मग बनारसची कथा वाचली आणि त्यांचं मत पालटलं, ते मगनलाल मेघराजमुळे.

मगनलालबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण परत परत येणाऱ्या खलनायकांत इतका नीट उभा केलेला माणूस मी क्वचित वाचला आहे. बनारसच्या गल्लीतल्या त्याच्या घरी तिघे जातात. तो आवाज चढवत नाही. पाहुण्यांना सरबत देतो. आणि मग करमणूक म्हणून लालमोहनबाबूंना फळीला टेकून उभं करतो आणि अर्जुन नावाच्या म्हाताऱ्या, थकलेल्या माणसाला त्यांच्या अंगाभोवती सुऱ्या फेकायला लावतो. फेलूदा तिथेच बसलेला आहे आणि त्याला काहीही करता येत नाही. आतापर्यंत आपण लालमोहनबाबूंच्या घाबरण्याला हसत आलेलो असतो. इथे हसू थांबतं. मगनलालने फेलूदाला हात लावला असता तर इतकं लागलं नसतं. तो बरोबर त्या माणसाला निवडतो ज्याला उलट वार करता येत नाही. तिथून बाहेर पडल्यावर फेलूदा ठरवतो की याचा बदला घेईन, नाही तर हा व्यवसाय सोडेन. घणसोली स्टेशन आलं तरी मी पुस्तक मिटलं नव्हतं, कोपरखैरणेला उतरून परत फिरले.

काकांचं म्हणणं असं की मगनलालमुळे फेलूदाला राग येतो, आणि राग आल्यावरच तो माणूस वाटतो. मी म्हणते, राग मगनलालचा नाही, जटायूसाठी आहे. हा वाद अजून चालू आहे. १९७९ च्या चित्रपटात उत्पल दत्त मगनलाल झाले आहेत. काकांनी तो पाहिला आणि त्यांचा पक्ष आणखी पक्का झाला.

सिधू ज्याठा थोडाच वेळ येतात, पण त्यांचेही चाहते आहेत. फेलूदाच्या कुटुंबाच्या मूळ गावचे, नात्याचे नाहीत पण नात्याहून जवळचे, पुस्तकं आणि वर्तमानपत्रांच्या कात्रणांत राहणारे, जबर स्मरणशक्तीचे गृहस्थ. वेरूळची कथा त्यांच्याच संतापातून सुरू होते. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातल्या यक्षीचं डोकं चोरीला गेलंय आणि देशाचं शिल्प असं विकलं जातंय, हे त्यांना सहन होत नाही. पैसे देणारं अशील नसताना फेलूदा कामाला लागतो तो या म्हाताऱ्या माणसाच्या तळमळीमुळे. पुढे ही वाट थेट आपल्या वेरूळच्या कैलास लेण्यापर्यंत येते. शाळेच्या सहलीत ते लेणं धावत पाहिलेल्या मुलीने कथा संपल्यावर सहलीचे फोटो पुन्हा काढले.

मुंबईची कथाही आहे, १९७६ ची. जटायूच्या कादंबरीवर हिंदी सिनेमा निघतोय आणि शूटिंगसाठी तिघे मुंबईत येतात. रेल्वेवरच्या मारामारीचा प्रसंग लोणावळा-खंडाळ्याच्या बाजूला घडतो. आपल्या ओळखीचा मुलूख म्हणून आमच्याकडे ही सगळ्यांत जास्त हातांतून गेली. मला स्वतःला ती मधल्या दर्जाची वाटली, धावपळ जास्त आणि माणसं कमी.

आता खटकलेलं. या मालिकेत बायका जवळजवळ नाहीतच. तोपशेची आईसुद्धा घरात असून नसल्यासारखी. मुलीने तिसऱ्या-चौथ्या पुस्तकालाच विचारलं की यात एकही मुलगी काही शोधून का काढत नाही. मुलांच्या मासिकासाठी लिहायचं म्हणून राय यांनी स्वतःवर बंधनं घालून घेतली होती हे मान्य, पण त्या बंधनांत एखादी हुशार मुलगी बसली नसती असं मला वाटत नाही. इतक्या वर्षांत, इतक्या कथांत ही उणीव राहिली याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शेवटच्या काही कथा सैल आहेत. गुन्हेगार लवकर ओळखू येतो, जटायूचे विनोद तेच ते वाटतात. पण राय यांना हे कळत होतं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. १९९० च्या नयन या मुलाच्या कथेची सुरुवातच अशी आहे की वाचकांची नाराजीची पत्रं आलीत, फेलूदाच्या गोष्टी पूर्वीसारख्या रंगत नाहीत, जटायू पूर्वीसारखे हसवत नाहीत, आणि फेलूदा त्यामुळे खट्टू होऊन बसलाय. तोपशे आपली बाजू मांडतो: लिहायचं मुलांसाठी, पण वाचतात घरातले सगळे, मग सगळ्यांना खूश कसं करायचं? जे वाद आमच्या जिन्यात चालले होते ते गोष्टीतल्या माणसांपर्यंत आधीच पोचले होते, हे वाचून मला राय यांच्याविषयी वाटणारा आदर दुणावला. ही कथा आधी वाचली तर काहीच वाटणार नाही. बाकीच्या वाचून मग तिच्याकडे या.

वाचायचा क्रम म्हणून एवढंच सांगते: दार्जिलिंगपासून सुरू करा, गंगटोकपर्यंत जटायू नाही म्हणून कंटाळू नका, राजस्थान आणि शिमला लागोपाठ घ्या, मग वेरूळ, आणि मगनलालच्या कथांत बनारस आधी, काठमांडू नंतर. उलट केलंत तर काठमांडूला मगनलाल समोर येतो तेव्हा लालमोहनबाबूंचे पाय का लटपटतात ते कळणार नाही. त्या कथेत त्यांच्या चहात साखरेच्या खड्यातून एलएसडी, म्हणजे भास घडवणारं अमली द्रव्य, घातलं जातं. ते काय असतं आणि कुणी असं दुसऱ्याला का देतं, हे मूल विचारणारच, तेव्हा उत्तराची तयारी ठेवून मगच ते पुस्तक हातात द्या.